पहिलं माप

१

थंडी पडायला लागली की शुक्रवारी सकाळी वफ्राला जायचं आणि आठवड्याची भाजी थेट शेतावरून आणायची, हा आखातातल्या फहाहील शहरात राहणाऱ्या मराठी संसारांचा शिरस्ता होता. ती भाजी स्वस्त पडते असं नवरे म्हणत. पेट्रोल, वाटेतला चहा आणि पोरांचं आइस्क्रीम धरून ती स्वस्त कशी पडते हे एकाही बायकोला उमगलं नव्हतं, पण कोणी वाद घालत नसे. वर्षभर वाळू बघणाऱ्या डोळ्यांना कोथिंबिरीचा वाफासुद्धा पुरे होतो.

अठ्ठ्याण्णव साली या फेरीचा सण झाला. वफ्राच्या एका आडबाजूच्या शेतावर कोणा कोकणी माणसाने भात पिकवलाय, अशी बातमी तिथल्या मराठी मंडळात आली. तिथल्या मचूळ पाण्यावर काकडी आणि टोमॅटो येतात हे सगळ्यांना माहीत होतं. भाताचं नाव निघाल्यावर पुणे-नाशिककडचे इंजिनिअर हसले आणि कोकणातल्यांना मात्र घरची आठवण येऊन जेवण जाईना. मग ठरलं, की यंदा नव्याचा सण तिथेच करायचा. नव्या भाताची खीर खायची, लोंब्या आंब्याच्या पानात बांधून आणायच्या आणि फ्लॅटच्या दाराला लावायच्या. मुलांसाठी एक छोटी बस करायची, मोठी माणसं आपापल्या गाड्यांतून येतील.

मुलांच्या बसची जबाबदारी श्यामलावर आली. लग्नाआधी ती कुडाळला शाळेत शिकवत असे, आणि एकदा शिक्षिका झालेल्या बाईला लोक जन्मभर पोरं सांभाळायला लावतात. तिचा नवरा विश्वास पुण्याचा, पेट्रोकेमिकलमध्ये इंजिनिअर, देव न मानणारा पण प्रसादाला सगळ्यांच्या पुढे. त्यांची एकुलती एक जुईली सहा वर्षांची. आईने मराठीत विचारलं की इंग्रजीत उत्तर द्यायचं, हा तिचा नेम.

"जुई, भात कुठून येतो ते बघायचंय ना?" बसमध्ये श्यामलाने विचारलं.

"राइस कम्स फ्रॉम सुपरमार्केट, मम्मी," जुईली म्हणाली, आणि बसमधली सगळी पोरं तिच्या बाजूने झाली.

२

शेत बरंच आत होतं. भोवती तारेचं कुंपण, वारा अडवायला लावलेली झाडं, एक मोठी पत्र्याची शेड आणि पलीकडे उघडं वाळवंट. मालक दूर शहरात रुमैथियाला राहतो, इकडे फारसा फिरकत नाही, असं लवूने सांगितलं. लवू म्हणजे भात पिकवणारा तो कोकणी माणूस. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, अंगाने वाळका, बोलणं मऊ. पन्नाशीचा असेल नाहीतर सत्तरीचा, त्याच्या तोंडावरून काही कळत नव्हतं. खीर त्याने आधीच करून ठेवली होती. पहिल्याच चमच्याला श्यामलाच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकी ती तिच्या माहेरच्या खिरीसारखी होती.

"खंयची गो तू, बाये?" लवूने विचारलं.

"झारापची."

"मगे तुका रास मोजूक येतलीच. चल, दाखवतंय."

बाकीची मंडळी जाळीखालच्या वाफ्याशी फोटो काढत होती. वाफा म्हणजे चार खाटा मावतील एवढा. कापणी झालेली, नुसती खुंटं उरलेली. श्यामला तो वाफा ओलांडून लवूच्या मागे शेडमध्ये गेली आणि दाराशीच थांबली. आत सिमेंटच्या जमिनीवर भाताची रास होती, आणि राशीचं टोक तिच्या डोक्याच्या वर होतं.

"ह्यां सगळां भात त्या वाफ्यातलां?" तिने विचारलं.

"कोणी मोजूक नाय, म्हणान साठत ऱ्हवलां."

"तू कित्याक मोजूक नाय?"

"माझ्या हातान मोजून चलना नाय गो," लवू म्हणाला. "मी राखणेक."

आलेल्या पाहुण्यांवर छाप पाडायला बाजारातून पोती आणून ओतली असतील, असं तिने मनाशी म्हटलं. पण फहाहीलच्या बाजारात तांदूळ मिळतो, टरफलासकट भात मिळत नाही. आणि या राशीला नुकत्या झोडलेल्या भाताचा वास होता, जो कुठल्याही पोत्यात टिकत नाही.

लवूने तिच्या हातात माप दिलं. दुधाच्या पावडरीचा मोठा डबा, कडा ठोकून गुळगुळीत केलेला. डबा हातात आला आणि तिला बाबा आठवले. झारापला खळ्यावर रास मोजायला तेच बसत. राशीजवळ कोणी बोलायचं नाही, हा पहिला दंडक. मापणारा पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो, हा दुसरा. तो लाभ घरच्या भातात धरत नाहीत. खळ्याच्या कोपऱ्यात वेगळा ओततात, तो जागेवाल्याचा, त्या जागेच्या राखणदाराचा. मोजणी खरी सुरू होते ती 'दोन'पासून. असं का, म्हणून तिने लहानपणी विचारलं होतं, तर बाबा म्हणाले होते, तो गेला असं धरायचं, मग उरलेलं आपलं असतं.

ती उकिडवी बसली. शेडमध्ये फार शांत होतं. दोन हातांवर चाळीस-पन्नास माणसं हसत-खिदळत असताना त्यातला एक शब्द आत येत नव्हता, हे तिला बरं वाटलं नाही. आणि मग राशीच्या पलीकडच्या बाजूने थोडा भात घरंगळल्याचा आवाज आला. टेकून बसलेल्या कोणीतरी पाठ हलवली तर येईल तसा.

"पलीकडे कोण आसा?" तिने विचारलं.

लवूने ओठांवर बोट ठेवलं. राशीजवळ बोलायचं नसतं.

तेवढ्यात बसचा हॉर्न वाजला. श्यामला जवळजवळ उडालीच. तिने डबा खाली ठेवला, "पुढच्या खेपेक हां, काका," म्हणाली आणि उजेडात आली. आपण पळत आलो हे बसपाशी पोचल्यावर तिच्या लक्षात आलं.

३

मुलांची रांग लावली. प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवून मोजायचं आणि आत सोडायचं, ही तिची शाळेतली पद्धत. खिडकी मिळावी म्हणून जुईली नेहमीप्रमाणे सगळ्यांना ढकलून पुढे आली होती.

श्यामलाने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "लाभ."

मग दोन, तीन, चार. शेवटच्या पोराला आत ढकलल्यावर तिला आपलं बोलणं जाणवलं आणि हसू आलं. तिच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहणारी प्रियांका शेजारी उभी होती, तिला तिने ते सांगितलं.

"अगं, पोरं मोजायची सोडून मी भात मोजत बसले."

प्रियांका मुंबईची, तिला त्यातलं काही कळलं नाही, पण तीही हसली.

फाटकाशी लवू उभा होता. त्याच्या हातात तो डबा होता. बस हळूहळू त्याच्याजवळून निघाली तेव्हा त्याने डोक्याचा टॉवेल काढला आणि खिडकीकडे बघून हात जोडले.

"सुरू झाली मगे," तो म्हणाला.

"काय?" श्यामलाने खिडकीतून विचारलं.

"मोजणी."

४

शनिवारी शाळेची व्हॅन आली नाही. म्हणजे आली, पण थांबली नाही. जुईली दप्तर लावून खाली उभी, श्यामला तिच्या शेजारी, आणि उस्मानची व्हॅन दोघींच्या समोरून निघून गेली. उस्मान गेली दोन वर्षं रोज हॉर्न वाजवून, "गुड मॉर्निंग बेटा" म्हणून जुईलीला चढवून घेणारा माणूस. श्यामलाने त्याला फोन लावला.

"भाभीजी, सब बच्चे तो आ गए," उस्मान म्हणाला. "मैं गिनके ही निकला."

"और जुईली?"

"जुईली," तो सावकाश म्हणाला. "हाँ. माफ करना भाभीजी, पता नहीं कैसे."

तिने टॅक्सी केली. रागही आला, पण तो फार वेळ टिकला नाही. माणूस आहे, विसरतो. रविवारी प्रियांकाच्या मुलाचा वाढदिवस झाला. निघताना प्रत्येक मुलाला एक खाऊची पिशवी मिळाली आणि जुईलीला मिळाली नाही. प्रियांका ओशाळली, तिने घरातलं चॉकलेटचं आख्खं पाकीट काढून दिलं.

"शप्पथ गं, मी नावं आठवून आठवून पिशव्या भरल्या होत्या," ती म्हणाली. "वेडच लागलंय मला."

वर घरी आल्यावर जुईलीने विचारलं, "मम्मी, आर दे अँग्री विथ मी?"

"नाही गं राणी. विसरले फक्त."

"एव्हरीबडी?"

श्यामलाने तिला पोटाशी धरलं. सोमवारी बाईंनी हजेरीत जुईलीचं नाव घेतलंच नाही, हेही तिला जुईलीकडूनच कळलं. दोन गोष्टी योगायोगाने होतात, तीनही होत असतील. श्यामला बी.एस्सी. झालेली होती आणि मुलांना विज्ञान शिकवत असे. लाभ हा एक शब्द आहे, शब्दाने माणसं विसराळू होत नाहीत, असं तिने स्वतःला समजावलं. आणि ते समजावत असतानाच तो आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आला.

दुपारची वेळ होती. त्या वेळी सगळं फहाहील पडदे ओढून झोपलेलं असतं. छताजवळच्या एसीच्या झडपेतून खस्स असा आवाज आला. मग सळसळ. मग पुन्हा खस्स. डबा राशीत खुपसला, भरला, ओतला. वाळू गेली असेल एसीत, ती मोठ्याने म्हणाली. पुन्हा खस्स झालं तेव्हा तिने कपाटातून रेडिओ काढून लावला.

५

मंगळवारी विश्वास संध्याकाळपर्यंत थांबला नाही, दुपारीच घरी आला. इस्त्रीचे कपडे आणायला निघाला तर जुईली मागे लागली, म्हणून तिलाही घेऊन गेला. अर्ध्या तासाने तो कपडे घेऊन परत आला, खुर्चीत टेकला आणि म्हणाला, "श्यामल, चहा टाक गं."

श्यामलाने स्वयंपाकघरातून विचारलं, "जुई कुठंय?"

"इथेच असेल की."

"अहो, तुमच्याबरोबर गेली होती ना?"

ती बाहेर आली तेव्हा विश्वास तिच्याकडे बघत होता. त्या नजरेत घाबरणं नव्हतं. एखादं गणित डोक्यात सोडवत असल्यासारखा तो बघत होता. मग त्याचा चेहरा पांढरा पडला आणि तो तसाच अनवाणी जिन्याकडे धावला.

इमारतीमागच्या मोकळ्या जागेत गाडी उन्हात उभी होती. नोव्हेंबर असला तरी तिथलं दुपारचं ऊन काचबंद गाडीत ऊनच असतं. जुईली मागच्या सीटवर पट्ट्यात अडकून बसली होती, लालबुंद, केस घामाने कपाळाला चिकटलेले. ती रडत नव्हती. श्यामलाला त्याचीच जास्त भीती वाटली.

"आय टोल्ड पापा," पाणी प्यायल्यावर ती म्हणाली. "आय सेड पापा, पापा. ही लुक्ड ॲट मी अँड लॉक्ड इट."

विश्वास फुटपाथच्या कडेला बसला आणि ओक्साबोक्शी रडला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, श्यामलाने त्याला रडताना पाहिलं नव्हतं.

"माझ्या डोक्यात काहीतरी बिघडलंय," तो म्हणाला. "डॉक्टरला दाखवतो. उद्याच्या उद्या दाखवतो."

तिने तिथेच त्याला सगळं सांगितलं. खळं, बाबा, लाभ, लवूचा डबा. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता त्याला राग येत गेला. भ्यालेल्या माणसाला रागाचा आधार वाटतो.

"पोर मरता मरता वाचलीय आणि तू मला शेतातल्या गोष्टी सांगतेस," तो म्हणाला. "शब्दाने काय होतं, श्यामल?"

तिलाही तोच प्रश्न पडला होता.

६

बुधवारी तिने जुईलीला शाळेत पाठवलंच नाही. दारं लावून घेतली आणि दिवसभर तिला डोळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं. दुपारी दोघी जेवल्या. मग श्यामलाने चहा केला आणि खिडकीपाशी बसली.

चहा फार चांगला झाला होता. पडद्याच्या फटीतून आलेलं ऊन गालिच्यावर पडलं होतं. घरात कसलाही आवाज नव्हता आणि कित्येक दिवसांनी तिचं मन शांत होतं. एवढं टापटीप घर, तिला वाटलं, आणि मग थोडं वाईटही वाटलं. एखादं मूल असतं तर घर इतकं टापटीप राहिलं नसतं. नऊ वर्षं झाली. विश्वास तोंडाने काही म्हणत नाही, पण त्यालाही वाटत असणारच. या उन्हाळ्यात गावी गेलो की कोणाला तरी दाखवू.

दाराशी दोन लहान सँडल होत्या. गुलाबी, बक्कल लावलेल्या. या कोणाच्या बरं, असं म्हणून ती चहा पीत राहिली. प्रियांकाचा मुलगा असल्या घालणार नाही.

मग तिला गुडघ्यावर हात जाणवला. समोर एक मुलगी उभी होती. घोगऱ्या आवाजात ती 'मम्मी' म्हणत होती, आणि तो घोगरेपणा फार वेळ हाका मारल्याचा होता. श्यामला तिच्याकडे बघत राहिली. गोड आहे मुलगी, तिच्या मनात आलं.

पेला हातातून सुटला आणि फुटला. त्या आवाजाने तिच्या आत काहीतरी जागेवर आलं.

"जुई," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, आणि म्हणतच राहिली. पोर तिच्या गळ्यात पडून थरथरत होती आणि श्यामला तिच्या केसांत तोंड खुपसून तिचं नाव घेत होती, मध्ये श्वास घ्यायचीसुद्धा तिला भीती वाटत होती. विश्वास विसरला तेव्हा ती होती. ती विसरली तर कोण होतं?

वर झडपेतून आवाज येत होता. आता तो नुसता खस्स नव्हता. पत्र्याने सिमेंट खरवडल्याचा होता. रास तळाला आली होती.

७

गुरुवारी विश्वासला सुट्टी होती. शेतावर पर्स राहिली, असं श्यामला त्याला खोटंच म्हणाली. मंगळवारपासून तो कशालाच नाही म्हणत नव्हता. ती मागे जुईलीशेजारी बसली आणि वाटभर तिचं मनगट घट्ट धरून राहिली. हात सुटला तर नाव सुटेल, अशी तिला खात्री झाली होती.

फाटक उघडंच होतं. गाडी शेडपासून थोडी दूर, झाडांच्या सावलीत थांबली.

"लवकर ये," विश्वास म्हणाला. "मी गाडीतच आहे."

जुईलीला त्या शेडमध्ये न्यायची तिची छाती नव्हती. "अहो, मागे येऊन बसा. हिचा हात धरून ठेवा. मी येईपर्यंत सोडू नका."

"कोणाचा?" विश्वासने विचारलं.

त्याने आरशात पाहिलं, थेट जुईलीच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा श्यामलाकडे. तो खरंच विचारत होता. श्यामला पळत सुटली.

रास गुडघ्याएवढी उरली होती. गेल्या शुक्रवारी तिच्यापलीकडचं काही दिसत नव्हतं, आज दिसलं. पलीकडे माणसं बसली होती. एका रांगेत, तिच्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून. त्यांच्या खांद्यांवर आणि केसांवर भाताचं तूस साचलं होतं, पुष्कळ दिवस कोणी न झटकलेलं. एका बाईच्या अंबाड्यात सुकून काळा पडलेला गजरा होता. कोणी वळून बघितलं नाही. श्यामलाने दुसऱ्यांदा तिकडे बघायचं धाडस केलं नाही.

लवू दाराशी उकिडवा बसला होता. "आयलंस?" तो म्हणाला.

"कोण मोजता ह्यां?"

"तुमीच मगे. सगळे मिळान. एकदा इसारलास की एक माप."

"माझां चेडू माका परत होयां, काका." तिने हात जोडले. "मी चुकान बोललंय. माका तसां म्हणूचां नव्हतां."

"लाभ परत राशीत घालूक जमना नाय, बाये." त्याला खरंच वाईट वाटत असावं. "माका पण कोणी घालूक नाय. आठ वर्सांआदी लढाईच्या वक्ताक सगळे बशीत बसान गेले. मी पयलो चढललंय. मोजणारो आमच्याच गावचो होतो."

श्यामलाने त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळलं. राशीतून थोडा भात आपोआप खाली घसरला. फार तर दोन-तीन मापं उरली असतील.

"रास संपाच्या आदी दुसरो लाभ घातलो तर?" तिने विचारलं.

लवू इतक्या हळू बोलला की तिला वाकावं लागलं. "तर तुझां चेडू दोन होतलां. कोणाचो घालतलंस?"

ती घाबरली होती. बसमधल्या पोरांचे चेहरे तिच्या डोळ्यांसमोर आले, एकेक करून, आणि आपण ते का आठवतोय हे कळल्यावर तिला स्वतःची किळस आली. मग विश्वास आठवला, फुटपाथवर बसून रडणारा. तो नाही. हे सगळं खोटं असेल तर आपलं काही जात नाही, तिने मनाशी म्हटलं, आणि खरं असेल तर दुसरा कोणी पाठवण्यासारखा नाही. कुठूनही गेलं तरी वाट एकच होती.

तिने डबा उचलला, भरला आणि कोपऱ्यात नेऊन ओतला. मोकळा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"लाभ," ती म्हणाली.

मग दाराबाहेर गाडीकडे बघत, "दोन. जुईली." आणि मग, "तीन."

काही झालं नाही. झाडांवर वारा होता, पत्रा उन्हाने कडकडत होता. आपण वाळवंटातल्या एका शेडमध्ये डोक्यावर हात ठेवून उभ्या आहोत, हे जाणवून तिला हसूच येणार होतं. तेवढ्यात गाडीचं दार उघडलं.

विश्वास उतरला. त्याने मागचं दार उघडलं, आत वाकला आणि जुईलीचा पट्टा नीट केला. "तहान लागलीय का गं पिल्लू?" असं त्याने विचारलेलं तिला इथवर ऐकू आलं. त्याने तिच्या कपाळावरचे केस मागे सारले, तिचा पापा घेतला. आठवड्यात पहिल्यांदा कोणीतरी जुईलीला आपणहून हाक मारली होती. श्यामलाच्या जिवात जीव आला. ती शेडमधून बाहेर पडली, डोळे पुसत, हसत, गाडीकडे चालू लागली.

विश्वास गाडीत बसला. गाडी सुरू झाली, वळली आणि फाटकाकडे निघाली.

गाडी वळवून घेतोय, तिला वाटलं. मग ती धावली. हाक मारली, मोठ्याने, दोनदा. गाडी फाटकाबाहेर जाऊन थांबली आणि विश्वास उतरला. दुसऱ्याच्या शेताचं फाटक उघडं टाकायचं नसतं हे लग्नानंतर तिनेच त्याला शिकवलं होतं. त्याने फाटक ओढून घेतलं, कडी घातली, आणि काही राहिलं तर नाही ना म्हणून एकदा आत नीट पाहिलं. ती रस्त्याच्या मधोमध उभी होती, दोन्ही हात वर करून. तो आरामात वळला आणि गाडीत जाऊन बसला.

मागच्या काचेतून जुईली वळून बघत होती. कपाळाला आठी घालून, ओठावर आलेला एखादा शब्द आठवत नसल्यासारखी. गाडी डांबरी रस्त्याला लागेपर्यंत ती बघत होती, मग पुढे वळून बसली.

श्यामला परत शेडच्या दाराशी आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिला रडू येत होतं आणि कुठेतरी, खोल, पोर सुटल्याचं समाधानही होतं. दुसरं कुठे जायचं हे तिला सुचलं नाही.

"दमलंस. बस गो बाये," लवू म्हणाला.

राशीमागच्या रांगेत कोणीतरी सरकून तिला जागा करून दिली.